नेलकटर

हॉस्पिटलातली रात्रपाळी करून आई आली आणि बूट न काढताच खुर्चीत बसली. "अजून नखं कापली नाहीस?" माझ्या उजव्या हाताची वाढलेली नखं गिटारसाठी होती. बारावीनंतर मला फक्त वाजवायचं होतं. पण आज नर्सिंग कॉलेजचा पहिला दिवस होता आणि तिथं नखं चालत नाहीत. महिनाभर भांडून भांडून आम्हा दोघींतही आता बोलायचं त्राण उरलं नव्हतं. "आण इकडे, मी कापते," नेलकटर हातात घेत ती म्हणाली, "त्याआधी एकदा वाजव." मी वाजवलं. थांबले तेव्हा तिचे डोळे मिटलेले होते. उशीर होत होता, म्हणून तिच्या हातातलं नेलकटर हळूच सोडवायला गेले. तिची मूठ आणखी घट्ट झाली. झोपेचं सोंग घेतलेला पेशंट कसा ओळखायचा, ते आईनंच मला शिकवलं होतं. खऱ्या झोपेत मूठ सैल पडते.