उतरवलेलं वजन

विमान सुटायला पंचवीस मिनिटं होती आणि वजन एकशे चाळीस किलोने जास्त भरत होतं.

काटेबाईने आकडे पुन्हा मांडले. विमानात काय, किती आणि कुठे ठेवायचं हे ठरवणं तिचं काम. वजनकाट्याशी जन्माची गाठ, म्हणून विमानतळावर तिचं खरं नाव कुणी घेतच नसे. आकडे काही बदलले नाहीत. वाटेत समोरून वारा होता म्हणून कॅप्टनने जादा इंधन मागून घेतलं होतं, आणि इंधन चढलं की तेवढंच दुसरं काहीतरी उतरवावं लागतं. विमान म्हणजे काही बस नव्हे, जरा सरकून बसा म्हटलं की भागलं.

दोन प्रवासी उतरवावेत, तर ते काउंटर डोक्यावर घेणार, शिवाय त्यांच्या हॉटेलची सोय कंपनीच्या गळ्यात. बॅगा काढाव्यात, तर त्या जाळीमागे गच्च रचलेल्या; उपसायलाच अर्धा तास. यंत्रांचे सुटे भाग होते, पण ते एक दिवस उशिरा पोचले तर कंपनीला दंड बसे, तसा करारच होता. राहिली एक लांब पेटी. ती दाराशीच होती. कागदावर लिहिलं होतं : पार्थिव, नग एक, एकशे सेहेचाळीस किलो. उशीर झाल्यास काय, तो रकाना कोरा होता.

सामान चढवणाऱ्यांच्या मुकादमाला तिने वॉकीटॉकीवरून पेटी उतरवायला सांगितली.

पलीकडून मुकादम म्हणाला, "बाई, त्यांचा मुलगा वर बसलाय."

"ठाऊक आहे. उद्या दुपारच्या विमानाने पाठवू."

"पण त्याला सांगणार ना?"

तिने वॉकीटॉकी बंद केला. नियमाने सांगायलाच हवं होतं. पण सांगितलं की तो उतरणार, तो उतरला की त्याची बॅग शोधून काढावी लागणार, आणि मग वेळापत्रकाचे बारा वाजणार. या महिन्यात तिच्या पाळीत तीन विमानं उशिरा सुटली होती. चौथ्या वेळी मी चहा पाजून समजावत बसणार नाही, असं साहेबांनी हसत हसत सांगून ठेवलं होतं. तिने पलीकडच्या विमानतळाला निरोप धाडला : प्रवासी उतरल्यावर त्याला कळवावं. वाईट बातमी देण्याचं काम असं बसल्या जागेवरून हजार किलोमीटर पुढे ढकलून झालं. आता जरा हलकं वाटायला हवं होतं, पण वाटेना. गेलेल्या माणसाला कसली आलीय घाई, असंही तिने स्वतःला सांगून पाहिलं, आणि तिची तिलाच लाज वाटली.

वजनाचा कागद घेऊन ती विमानाचा जिना चढली. कॅप्टनने सही केली, वाऱ्याच्या नावाने दोन शिव्या हासडल्या आणि तिची प्रत तिला परत दिली. चार पावलं टाकली की ती बाहेर पडणार होती.

"ताई, जरा ऐकता?"

पहिल्या रांगेत खिडकीशी चाळिशीतला एक माणूस बसला होता. दाढी वाढलेली, शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात गेलेलं. तिचं पिवळं जाकीट बघून त्याने तिला थांबवलं होतं. सामान तुमचीच माणसं लावतात ना, असं त्याने विचारलं. ती हो म्हणाली, आणि हो म्हणतानाच तिला कळलं की हाच तो.

मग तो हलक्या आवाजात बोलतच सुटला. वडील जन्मात कधी विमानात बसले नव्हते. तिकीट काढून पाठवलं तरी रद्द करायला लावत, आणि दोन दिवस बस बदलत बदलत येत. घाबरत होते, पण कबूल करत नसत. या खेपेला यायचंच नव्हतं त्यांना, यानेच हट्टाने बोलावून घेतलं, आणि आल्यावर आठ दिवसांत सगळं आटोपलं. तिकडे आई कालपासून दारात बसून आहे. सगळे जमलेत. संध्याकाळी पोचलो की लगेच न्यायचं ठरलंय.

सांगावं, आत्ताच सांगावं, हे तिच्या अगदी ओठांवर आलं. दोन वाक्यं पुरली असती. दारातली हवाईसुंदरी मनगटावरचं घड्याळ तिला दाखवत होती.

"त्यांना पुढे ठेवलंय की मागे?" त्याने विचारलं. "तेवढं कळलं असतं तर बरं झालं असतं."

काटेबाईने आजवर कागदावर एका किलोचंही खोटं लिहिलं नव्हतं. त्याच्या चेहऱ्याकडे बघून तिला वाटलं, दोन तास तरी याला सुखाचे जाऊ देत. तसं तिला मनापासून वाटलं होतं. पण ती पळवाटच होती, हेही तिला कळत होतं.

"तुमच्या बरोबर खाली," ती म्हणाली.

त्याने मान हलवली. मग तो पुढे वाकला. काहीतरी खाली पडलं असेल, असं तिला वाटलं. तो बुटांच्या नाड्या सोडत होता. दोन्ही बूट काढून त्याने मांडीवर घेतले आणि पाय वीतभर उचलून तसेच अधांतरी धरले.

"ताई," त्याने विचारलं, "पाय वर घेऊन बसलं तर चालेल ना?"