षष्ठीचा दोरा

ज्येष्ठाच्या त्या उकाड्यात शौभिक पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून आला होता, आणि तोही मनगटाशी बटणं लावून. शेफालीने ते पाहिलं, पण जावयाला आल्या आल्या काय टोकायचं!

पार्क स्ट्रीटच्या मागच्या गल्लीतलं ते छोटंसं साहेबी हॉटेल तिच्या लेकीचं, तुतुलचं आवडतं. मोजकी टेबलं, लाल चौकटीची कापडं, मंद पिवळा उजेड. तुतुल जाऊन तीन वर्षं झाली, तरी जामाईषष्ठीला जावयाला जेवू घालायचं शेफालीने सोडलं नव्हतं. यंदाही घरीच रांधायला तिचे हात शिवशिवत होते. पण शौभिकच म्हणाला, "उन्हाचं कशाला चुलीपाशी बसता, मा? बाहेरच भेटू." तिला 'मा' म्हणणारं जगात आता तेवढंच एक माणूस उरलं होतं. तो म्हणेल तिथे ती गेली असती. षष्ठीला सासू जावयाला वारा घालते तो ताडाचा पंखा आणि त्याच्या मनगटाला बांधते तो हळदीत भिजवलेला दोरा मात्र तिने आठवणीने पिशवीत घातला होता.

"काटे काढलेल्या माशाला मासा म्हणायचं तरी कसं?" नंदीबाबूंनी बशीतला तुकडा उलटासुलटा करत विचारलं.

"साहेबाच्या पंगतीला बसलात ना? मग साहेबासारखं गप्प जेवा," शेफालीने नवऱ्याला दटावलं.

शौभिक कसनुसा हसला. एरवी दोन माणसांचं एकटा जेवणारा गडी, पण आज त्याचा काटा नुसता बशीत फिरत होता. सूप अर्धं टाकलेलं, कोळंबी तशीच.

"बरं नाही का रे, बाबा?"

"तसं नाही, मा. दुपारचं जेवण जरा जड झालं."

"कमाल आहे! संध्याकाळी सासू वाढणार हे ठाऊक असून दुपारी कोण तडस लागेपर्यंत जेवतं?"

त्याने पाण्याचा घोट घेतला. "मा, तुम्हाला एक सांगायचं होतं."

"आधी खा. सांगणं काय पळून जातंय?" वेटरने आणलेली बशी तिने त्याच्यापुढे सरकवली. पोटात लोणी भरून तळलेली ही कोंबडी. इथे आली की तुतुल दुसरं काही मागवायचीच नाही. "हळू काप हं. ती काय सांगायची, आठवतंय ना?"

आठवत नसावं. त्याने सुरी थेट आत घातली आणि गरम लोण्याची चिळकांडी त्याच्या उजव्या बाहीवर उडाली.

"अगं बाई! भाजलं का? बघू." शेफाली नॅपकिन पाण्यात बुडवून उठलीच.

"राहू दे, मा... मी पुसतो..."

ती कसली ऐकते! तिने बटण काढलं आणि बाही मागे सारली.

मनगटावर पिवळा दोरा होता. हळद पुरती वाळलीही नव्हती आणि गाठीत दुर्वेचं एक पातं अडकलं होतं.

"फाल्गुनात लग्न केलं, मा," शौभिक खाली मान घालून म्हणाला. "नुसती नोंदणी केली, कुणालाच बोलावलं नाही. आज दुपारी तिच्या आईने जेवायला... मला नाही म्हणता आलं नाही."

नंदीबाबूंनी चष्मा काढला आणि तो पुसत बसले.

 शेफालीने रागवायचं तरी कुणावर? तरण्या माणसाने जन्मभर एकटं का राहावं, असं चार जणांत तीच म्हणत आली होती. फक्त ते इतक्या लवकर खरं होईल, असं तिला वाटलं नव्हतं. पुढच्या षष्ठीला हा येणार नव्हता. तसं कुणी तोंडाने सांगायची आता गरजही नव्हती.

तिने लोण्याचा डाग पुसला. मग त्याचं मनगट हातात धरलं.

"गाठ सैल बांधलीय त्या बाईंनी," ती म्हणाली. "हात धुताना सुटेल."

तिने तो दोरा आपल्या हाताने घट्ट केला. बाही खाली ओढली, बटण लावलं. आणि खुर्चीवर बसता बसता आपली पिशवी पायाने टेबलाखाली आत सारली.