बाल्कनीतली डबी

पहिला अंक संपायच्या आत पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी मफलर कानाला गुंडाळला, आणि मागून कुणीतरी खणखणीत आवाजात ओरडलं, "अवो, नाटक बगाय आलोय आमी, म्हाबळेश्वरला न्हाय!"

सगळं नाट्यगृह हसलं. हसला नाही तो एकटा राजशेखर. यंत्रखोलीत नव्याकोऱ्या पॅनेलसमोर तो उभा होता. हशा त्याला दारातून स्वच्छ ऐकू आला आणि धरणी पोटात घेईल तर बरं असं त्याला झालं.

या जुन्या नाट्यगृहातल्या हवेचा कारभार वर्षानुवर्षं पिराजीच्या हातात होता. गर्दीनं उकडायला लागलं की तो लोखंडी चाक फिरवून झडपा उघडायचा, ब्लोअर वाढवायचा. गारठा वाटला की सगळं कमी करायचा. यंदा व्यवस्थापक गणपतरावांनी हे काम यंत्रावर सोपवायचं ठरवलं आणि ते राजशेखरला दिलं. कागलच्या एमआयडीसीतली नोकरी सोडून त्यानं स्वतःचा धंदा सुरू केला होता, त्यातलं हे पहिलंच काम. त्यात घर हाकेच्या अंतरावर. म्हणजे फजिती झालीच तर सगळ्या गल्लीदेखत होणार.

यंत्र बसवलं त्या दिवशी त्यानं आईला, शांतव्वाला, मोठ्या तोऱ्यात समजावलं होतं. "अव्वा, वर बाल्कनीत मागच्या भिंतीला काडेपेटीएवढी एक डबी लावलीय. सगळा जीव तिच्यात. तिला उकडलं की झडपा उघडतात, ब्लोअर जोरात सुटतो. तिला गार वाटलं की आपोआप मंद. माणूस लागतच नाही."

शांतव्वाला कितपत कळलं कोण जाणे. तिनं त्याच्या कपाळावर विभूती ओढली आणि "जा, चांगलं हुईल," म्हणाली. विभूती त्यानं नेहमीप्रमाणे गल्लीच्या कोपऱ्यावर रुमालानं पुसली. इंजिनिअरच्या कपाळावर राखेचे पट्टे काय शोभतात!

चांगलं मात्र झालं नाही. पहिल्या खेळाला लोक कुडकुडले, दुसऱ्यालाही तीच गत. ऐन थंडीत झडपा सताड उघड्या, ब्लोअर भन्नाट. मध्यंतरानंतर मात्र यंत्र इतकं शहाण्यासारखं वागायचं की बिघाड शोधायचा तरी कुठं?

"पुढच्या खेळाला असंच झालं तर तुमचं पॅनेल काढून घेऊन जावा," गणपतराव म्हणाले. "पिराजीचं चाक परत लावतो. लोक आमच्या तोंडात शेण घालाय लागलेत."

दोन दिवस राजशेखर मान खाली घालून फिरला. चहाच्या टपरीवर कुणी हसलं तरी ते आपल्यालाच, असं त्याला वाटायचं. शांतव्वा महादेवाला जाऊन यायची आणि विचारायची, "आज तरी चाललं का रं?" तो ताटावरून उठून जायचा.

शेवटी तो बाल्कनीत गेला. गर्दी बेताची असली की बाल्कनी बंदच असायची, किल्ली पिराजीकडे. डबीच्या खाली भिंतीवर काजळीचा पट्टा होता आणि कठड्यावर तेलाचे थेंब. राजशेखर बघतच राहिला. जाळ धरून डबी तापवली की यंत्राला वाटणार, नाट्यगृह पेटलंय. तेलानं कायम माखलेले हात कुणाचे? कानावर विडी कुणाच्या? आणि चाक कुणाचं गेलं होतं?

गणपतराव, दोन विश्वस्त आणि सगळे नोकर यांच्यासमोर त्यानं पिराजीला उभं केलं.

"बाल्कनीत तुझ्याशिवाय कोण जातं? डबीखाली जाळ कुणी धरला?"

पिराजी गोंधळला. मग त्याच्या डोळ्यांत काहीतरी उजाडल्यासारखं झालं. "सायेब, जरा बाजूला येता का? तुमच्यासंगंच बोलायचंय."

"जे काय असेल ते इथंच बोल. चारचौघांत."

पिराजीनं त्याच्याकडं एकदा नीट बघितलं आणि मान खाली घातली. "मग माजीच चूक म्हना."

गणपतरावांनी हात पुढं केला. पिराजीनं किल्ल्यांचा जुडगा कमरेच्या करगोट्यातून सोडवला. गाठ घट्ट होती, वेळ लागला. एवढ्या वयाचा माणूस सगळ्यांदेखत असा उभा बघून राजशेखरला आत कुठंतरी खुपलं. पण आपली लाज त्याच्याकडं गेली, याचं सुखच त्याला जास्त झालं.

तिसरा खेळ झकास झाला. कुणी मफलर गुंडाळला नाही, कुणी वारा घेतला नाही. गणपतरावांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. "चोर घरातच हुता म्हणायचा!"

राजशेखर उड्या मारतच घरी आला. "अव्वा, चाललं! एकदम झकास चाललं!"

शांतव्वानं डोळ्याला पदर लावला. तिनं सकाळपासून उपास धरला होता, तरी पुरणाच्या होळग्या करून ठेवल्या होत्या. त्याला वाढता वाढता तिनं दोन होळग्या वेगळ्या डब्यात भरल्या.

"ह्या कुणाला?"

"पिराजीला. उद्या निऊन दे."

"त्याला कशाला?"

"आज दिसला न्हाय त्यो. किल्लीवाला दुसराच हुता, मला वर सोडंना. म्हटलं, मध्यंतरापातुर तेवनारा दिवा आज तुझ्या डबीम्होरं लागत न्हाय, कसं हुतंय कुणास ठाऊक. पन दिव्याबिगर बी चाललं की!" शांतव्वानं डब्याचं झाकण दाबलं. "लई सबुदाला जागनारा मानूस. तू कोपऱ्यावर इबूत पुसतोस, म्हाईत हाय मला. चारचौघांत लेकाला लाज नगं, म्हणून मीच त्येला शपथ घातलीया, दिवा कोन लावतंय ते लोकांत सांगू नगंस."