सुतकातली घंटा

भेगा शोधायच्या यंत्राचा प्रोब आणि लोखंड यांच्यामध्ये ग्रीस लावावं लागतं. मध्ये हवा राहिली तर आवाज आत शिरत नाही.

देव्हाऱ्यात पाठमोरा बाळकृष्ण.

कुसुमच्या कोटरा सुल्तानाबादहून कारखान्याच्या टाऊनशिपला थेट मिनीबस नाही.

स्टीलचा डबा, झाकणाचा. आत देव गुंडाळायला जुन्या धोतराचं मऊ कापड.

या घरात रोज सकाळी आधी पूजेची घंटा, मग चहा.

डबा कुसुमच्या हातात होता. ती सुचेताची धाकटी बहीण. सुचेता जाऊन आठवडाही झाला नव्हता. कुसुमचं सुतक तीन दिवसांत फिटलं होतं, या घरचं अजून चालू होतं. घरच्यांनी देवांना हात लावायचा नाही. म्हणून तेरावा होईपर्यंत देव आपल्याकडे न्यायला ती आली होती. अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण तर त्यांच्या माहेरचेच.

फाटकाशी शेजारच्या क्वार्टरमधली सरोज उभी होती.

"दीदी, रोज सवेरे घंटी बज रही है," ती हळूच म्हणाली. "पहले दिन तो मैं डर ही गई. लगा, भाभीजी..."

कुसुम आत गेली. देव्हाऱ्यात समई जळत होती. तिला कसलातरी उग्र वास होता. जास्वंद आजची होती. कुंकवाचे ठिपके सगळ्या मूर्तींना अगदी मध्यभागी लावलेले, पट्टीनं मोजल्यासारखे. बाळकृष्णाचं तोंड मात्र भिंतीकडे होतं.

सुचेताचा नवरा नीळकंठ व्हरांड्यातून आत आला. हातात कपबशी होती. चेहऱ्यावर काही नव्हतं. कारखान्यात तो धातूच्या आत आवाज सोडून, परत येणाऱ्या पडसादावरून भेगा शोधायचा. आताही तो तसाच उभा राहिला, काहीतरी परत येण्याची वाट बघत असल्यासारखा.

"हे कुणी केलं, भावोजी?"

"मी."

"सुतकात?"

"सुतकात करायचं नसतं का?" त्यानं विचारलं. खरोखरच विचारलं.

"ताईची आयुष्यभर थट्टा केलीत. तुझ्या देवाला आमच्या खात्यात पाठव, तपासून देतो, म्हणायचात. आणि आता सुतकात पूजा? असं नास्तिकसुद्धा करत नाही."

"नास्तिकच करेल," नीळकंठ म्हणाला. "बाकीच्यांना नियम माहीत असतात."

कुसुमनं डब्याचं झाकण काढलं. "व्हा बाजूला. तेराव्यानंतर आणून देते."

तो बाजूला झाला नाही. अडवतही नव्हता. फक्त तिथेच उभा होता.

"भेग असली तर यंत्राच्या पडद्यावर टोक उठतं," तो म्हणाला. "नाही उठलं, तर भेग नाही असं म्हणता येत नाही. सापडली नाही, एवढंच म्हणायचं. नव्या पोरांना पहिल्याच दिवशी हे शिकवतो मी. आणि घरी येऊन देव नाही म्हणायचो. कामाच्या हिशेबानं ते चूकच."

"मग आता आहे म्हणता?"

"तेही म्हणता येत नाही."

भिंतीवर मीनाचा फोटो होता. दोन वेण्या, शाळेचा गणवेश. आठवीत असताना तापानं गेलेली त्यांची एकुलती एक मुलगी. नीळकंठनं तिकडे बघितलं नाही.

"मीना गेली तेव्हा मला वाटलं, आता ही सगळं बंद करणार. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी पेपर घेऊन व्हरांड्यात बसलो होतो. वाचत नव्हतो. पुन्हा उठायचंच नाही, असं काहीसं मनात होतं. आणि आतून घंटा वाजली."

त्यानं कपबशी खाली ठेवली. चहाला हात लावलेला नव्हता.

"मी उठलो. चहा घेतला. कामावर गेलो."

कुसुमच्या हातात डबा उघडाच होता.

"पोटची पोर गेल्यावर जी बाई घंटा वाजवते, तिला काहीतरी सापडलं असणार. मला नाही सापडलं. माझ्याशी ती कधी वाद घालायची नाही. नुसती हसायची. ज्याला खात्री असते तो वाद घालत नाही, कुसुम. माझ्याकडे पुरावा एकच आहे. ती."

बाहेर कारखान्याचा भोंगा झाला. वाजून थांबला.

"देव नेलेस तर उद्या सकाळी मी कशानं उठू?"

कुसुमनं तोंड उघडलं. नीळकंठ तिच्याकडे बघत होता. ती काय बोलेल ते तो जसंच्या तसं मानणार होता. ती सुचेताची बहीण होती, आणि तिनं आजवर त्याला कधी खोटं सांगितलं नव्हतं.

तिनं हात पुढे केला आणि बाळकृष्ण उचलला. धोतराच्या कापडानं पुसला. मग परत देव्हाऱ्यात ठेवला, तोंड खोलीकडे करून.

"असा ठेवायचा असतो, भावोजी."

"बरं."

"आणि समईत लोणच्याचं सरसोंचं तेल घालू नका. वास मारतो."

"बरं."

तिनं रिकाम्या डब्याचं झाकण लावलं. फाटकाशी सरोजनं डब्याकडे बघून भुवया उंचावल्या. कुसुम न थांबता मिनीबसच्या थांब्याकडे चालत गेली.

मीनाच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, घंटा हातात घेण्याआधी, सुचेता बहिणीला म्हणाली होती, "देव्हाऱ्यात कोणी नाही, कुसुम. पण ही वाजली नाही तर हे उठायचे नाहीत."