साठ गावांचे त

तापीबाई वारल्याचं छापखान्यात कळलं, तेव्हा मालक जेठमलशेठ कोरीट ग्रामपंचायतीचं हेडिंग शोधत होते. रॅकवर अशी साठ हेडिंगं होती. प्रत्येक शिशाच्या मोठ्या अक्षरांनी जुळवलेलं, सुताने बांधलेलं. त्या गावाचे फॉर्म आले की ते उचलायचं, मजकुराच्या डोक्यावर बसवायचं, छापून झालं की परत जागेवर. मे महिन्यात राज्य नवं झालं, हेडिंगातलं राज्याचं नाव बदललं, तशी साठही तापीबाईने नव्याने बांधली होती.

चौथ्या दिवशी तिचा नवरा भटू आला. तोही तिच्यासारखाच तिथला कंपोझिटर, अक्षरं जुळवणारा. हातात गंधमुक्तीच्या, सुतक फिटायच्या विधीच्या, पत्रिकेचा कागद होता.

"बस. सुतकात तू हात लावू नको, मी जुळवतो," शेठ म्हणाले. "पहिले सांग, कोरीट कुठे शे?"

भटूने वरच्या फळीवरचं पहिलंच हेडिंग काढून दिलं. "तिनी गावं रस्त्यानं लायेल शेतस. जवळनं पहिले. खापर शेवटले, ते गाव तिनं माहेर."

"आणि मी चार दिवस क, ख, ग करत बसलो."

शेठनी चष्मा लावला आणि कागद पाहून तापीबाईचं नाव जुळवायला घेतलं. मोठ्या टायपाच्या केसमध्ये, खणांच्या पेटीत, त चं घर रिकामं होतं.

"त कुठे गेले सगळे?"

"हेडिंगस्मा. दर ग्रामपंचायतमा एक."

शेठ हसले. त च्या जागी त्यांनी खुणेपुरतं दुसरंच एक अक्षर उलटं खोचलं आणि नावाची पुढची अक्षरं लावली.

"लहान टायपात लावू का?"

"तिनं नाव लहान?"

"मग एक हेडिंग सोड, भटू. खापरचं सोड, त्यांचे फॉर्म दिवाळीशिवाय येत नाहीत. नंतर पुन्हा जुळव. अक्षरं तीच शेतस."

भटूने खापरचं हेडिंग खाली घेतलं. सुताचे तीन वेढे होते, टोक आत दाबलेलं. बोटाला लागत नव्हतं. त्याने नख घातलं. टोक थोडं वर आलं. त्याने ते पुन्हा आत दाबलं.

"आण, मी सोडतो."

"नको शेठ. गाठ तिनी शे."

शेठनी पुढे केलेला हात मागे घेतला. मशीनवर कोरीटचे फॉर्म चढले. भटू उभाच होता. फॉर्म छापून झाले तेव्हा त्याने कोरीट पहिल्या जागेवर ठेवलं आणि खापर शेवटच्या.

पत्रिका दुसऱ्या दिवशी गावोगाव जायच्या होत्या. मजकूर सगळा जुळला होता. नावातलं पहिलं अक्षर तेवढं उलटंच होतं.