कापड उतरवा!

भर दुपारी तंबूवाल्याने मैदानावरच्या तंबूचं कापड उतरवायला सांगितलं, तेव्हा त्याचीच माणसं त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. थंडी नुकती कुठे सरली होती आणि ऊन असं, की खांबाला हात लावला तर चटका बसावा. चार वाजता तिथे शाळेचा बक्षीस समारंभ होता.

हेडबाई तरातरा आल्या. "अहो, डोकं ठिकाणावर आहे का? पोरांना उन्हात भाजू की काय?"

"हॉलमध्ये बसवा, बाई. आज वादळ आहे."

"कोण म्हणतं?"

"सकाळी रेडिओवर सांगितलं. देशभर असाच अवेळी उकाडा, आणि आपल्या पट्ट्यात आज दुपारनंतर वादळ, गारा."

"त्यांचं काय ऐकता! ते पाऊस म्हणाले की मी हमखास गाद्या उन्हात टाकते."

त्याची माणसंही खी खी हसली. "पुढच्या वर्षी दुसरा तंबूवाला बघते मी," बाई म्हणाल्या. शाळेचं काम त्याच्याकडे बापाच्या वेळेपासूनचं. तरी दोर सोडायचं काही तो थांबला नाही.

तेवढ्यात फोन वाजला. त्याची मुलगी. हवामान खात्यात होती, आणि देशाचा अंदाज आज पहिल्यांदाच तिच्या सहीने गेला होता.

"बाबा, बाकी सगळे उद्या म्हणत होते. मीच एकटीने आजचं लिहिलं. अजून कुठेच काही नाही हो. तोंडघशी पडणार मी."

"तुझा अंदाज ऐकूनच मी कापड उतरवलंय."

"अहो बाबा! आणि नाही आलं तर?"

"परत चढवीन. पण आलं आणि कापड वरच असलं, तर उतरवायला काही शिल्लक राहायचं नाही. तू निवांत चहा घे."

बाई ऐकत होत्या. "खात्यात ओळख आहे वाटतं तुमची?"

"ओळख कसली! सायकल शिकवलीय मी तिला." त्याची छाती अशी फुगली, की शर्टाचं बटण तुटायचंच बाकी राहिलं.

बाई धुसफुसत हॉल उघडायला गेल्या. बिनकापडाच्या तंबूत पाहुण्यांना बसवणार कसं?

समारंभ निम्म्यावर आला आणि खिडक्या धाडधाड आपटल्या. मैदान धुळीत दिसेनासं झालं. मग गारा. शेजारच्या गॅरेजचा पत्रा उडाला तो थेट मैदानात लहान वर्ग बसणार होते त्या जागेवर येऊन आदळला. उघड्या खांबांमधून वारा सरळ निघून गेला. एकही खांब पडला नाही.

हॉलच्या दारात तंबूवाला डोळे पुसत उभा होता. शेजारी हेडबाई. त्यांची नजर त्या पत्र्यावरून हलेना.

"अहो," त्या म्हणाल्या, "मुलीला फोन करा ना. सांगा तिला, वादळ आलं म्हणून."

"तिला काय सांगायचं, बाई?" तो म्हणाला. "तिनेच तर आपल्याला सांगितलं."