तळ्याचं तीर्थ

"देवाची फुलं खताच्या खड्ड्यात कशी टाकायची? पाणी पवित्र असतं," म्हणत पोंक्षेकाकांनी निर्माल्याची पिशवी बागेतल्या तळ्यात सोडली.

रोज ती पिशवी उपसणाऱ्या माळीणबाई आज घरून तांब्या-पळी घेऊन आल्या होत्या. त्यांनी तांब्या तळ्यात बुडवला, वर तुळशीचं पान सोडलं. "पवित्र आहे ना? मग तीर्थ घ्या, काका."

फिरायला आलेली मंडळी थांबून बघू लागली. चारचौघांत तीर्थाला नाही कसं म्हणणार? काकांनी उजवा हात पुढे केला. तळव्यात पळीभर हिरवं पाणी पडलं, त्यात एक अळी वळवळली. पिता येईना, सांडता येईना.

"तुमचा तो खताचा खड्डा कुठे आहे?" काकांनी हळूच विचारलं.

"दाखवते की. आधी तीर्थ घ्या." बाईंनी पळी पुन्हा भरली. "तीनदा घ्यायचं असतं."